वाजते टेबल, नग एक

आमच्या कर्जतच्या लोकरंजन वाचनालयाच्या जडवस्तू नोंदवहीत एकतिसाव्या ओळीवर 'वाजते टेबल, लाकडी, नग १' अशी नोंद आहे. ही नोंद चिटणीस आप्पासाहेब कर्णिकांनी स्वतःच्या हातानं केलेली असून ती चुकीची आहे, असं मी त्यांना दोनदा लेखी कळवलं होतं. आप्पासाहेबांचं उत्तरही लेखी आलं. पियानो असं लिहिलं तर तपासनीस विचारणार की वाचनालयाला पियानो कशाला हवा. टेबल मात्र वाचनालयाला लागतंच. ते वाजतं हा त्याचा दोष समजावा.

हे टेबल आमच्याकडे त्र्याहत्तर साली आलं. नदीकाठच्या बंगल्यातल्या दिनबाई नावाच्या वयस्क पारशी बाई कायमच्या पुण्याला निघाल्या, तेव्हा जाताना त्यांनी आपला पियानो वाचनालयाला देऊन टाकला. आठ हमाल, दोन बैलगाड्या आणि एक तुटलेली खिडकी एवढ्या खर्चात तो आत आला. कार्यकारी मंडळानं बाईंसाठी चहा आणि बटाटेवडे ठेवले होते. चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, "छेल्ला वखत, शेवटचा एकदा वाजवते हं," आणि त्या स्टुलावर बसल्या.

त्यांनी जे वाजवलं ते जेमतेम चार मिनिटांचं असेल. सुरुवातीला दोन शेजारचे सूर नुसते एकमेकांकडे जात-येत होते. एखादी बाई दाराशी यावी, आत जाऊ की नको म्हणून घुटमळावी, परत फिरावी, पुन्हा यावी आणि मग एकदम आत शिरून घरातलीच होऊन जावी, तसं काहीतरी. मंडळाचे बाकीचे सभासद वडे खात होते. मीही खात होतो, पण माझा अर्धा वडा हातातच राहिला. वाजवून झाल्यावर मी बाईंना विचारलं की हे कुणाचं. "एक जर्मन माणसानं बनवला, दीकरा," त्या म्हणाल्या. "मरून गेला त्याला दीडशे वरस होत आला." असं म्हणून त्यांनी त्या गतीची छापील वही माझ्या हातात दिली. माझ्या हातात वडा होता म्हणून ती काखेत धरावी लागली.

मी मधुसूदन टिपणीस, वय त्या वेळी चव्वेचाळीस, खालापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात भूमिती शिकवत होतो. मला संगीतातलं काही कळत नव्हतं. शाळेच्या प्रार्थनेत मला मागच्या रांगेत उभं करत आणि ओठ हलवायला सांगत. पण त्या दिवशी घरी येऊन मी कुमुदला, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगितलं की ती गत मी शिकणार आहे.

कुमुद तांदूळ निवडत होती. "कुणाकडे?" तिनं विचारलं.

"कुणाकडे नाही. आपलं आपण."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "कुणाला त्रास नाही."

पहिली अडचण परवानगीची निघाली. पियानो होता वाचनालयाच्या मुख्य दालनात, आणि त्याच्या बरोबर वर भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. माझ्या अर्जावर मंडळाच्या दोन बैठका झाल्या. एका सभासदाचं म्हणणं, पाटी काढली तर इतर वाचकही बोलू लागतील. दुसऱ्याचं म्हणणं, पाटी राहू द्यावी पण सरांनी हळू वाजवावं. शेवटी ठराव झाला तो असा, की अर्जदारानं सकाळी सात ते आठ, म्हणजे वाचनालय उघडण्यापूर्वी, टेबल वापरावं. वापरण्यापूर्वी त्यावरची वर्तमानपत्रं उतरवावीत आणि नंतर तारखेप्रमाणे परत लावावीत. टेबलास खिळा, रंग अथवा खळ लावू नये. हा ठराव शिपाई कोंडाजीला वाचून दाखवण्यात आला, कारण किल्ली त्याच्याकडे असे.

दुसरी अडचण त्या वहीची. पाच-पाच आडव्या रेघा आणि त्यांवर बसलेले, लोंबकळणारे, काही ठिकाणी एकमेकांचे हात धरलेले काळे ठिपके. पण माणूस भूमितीचा असला की रेघांना भीत नाही. पुण्याहून मागवलेल्या एका जुन्या पुस्तकातून मला एवढं समजलं, की ठिपका जितका वर तितकी पट्टी उजवीकडे. म्हणजे हा सरळसरळ आलेख झाला. मी पियानोच्या पट्ट्या मोजल्या. पांढऱ्या-काळ्या मिळून पंच्याऐंशी भरल्या. त्यांना डावीकडून क्रमांक दिले आणि प्रत्येक ठिपक्याचा आकडा काढून कागदावर मांडू लागलो. उजव्या हाताचे आकडे निळ्या शाईत, डाव्या हाताचे लाल. दोन महिन्यांत अकरा कागद भरले. ते दाराशी घुटमळणारे दोन सूर म्हणजे छप्पन आणि पंचावन्न असं निघालं. छप्पन, पंचावन्न, छप्पन, पंचावन्न, छप्पन. हे मला कळलं त्या दिवशी मी नववीच्या वर्गाला गृहपाठ दिला नाही.

पोस्टातून तिकिटांच्या कागदाच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्या आणून, एकेकीवर आकडा लिहून, त्या मी पियानोवर चिकटवल्या. त्यांना मागं डिंक आयताच असतो. ठरावात खळ लावू नये असं होतं. डिंकाबद्दल काही नव्हतं.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. आमच्या आळीतले भजनी लडकूबुवा पहिल्याच आठवड्यात बघायला आले. ते चाळीस वर्षं पेटी वाजवत. मी दोन्ही हातांनी वाजवतोय हे पाहून ते अस्वस्थ झाले.

"सर, दोनी हात वर घेतलं तं हवा कोन भरनार?"

मी सांगितलं की याला हवा लागत नाही. त्यांनी वाकून खालची दोन पायडलं पाहिली, आणि ही हवेचीच सोय आहे, पारशीण बाईंनी तुम्हाला सांगितलं नसेल, असं ठरवून ते गेले. पुढं महिनाभर मी भेटलो की ते विचारत, "पाय मारताय ना?" शेजारच्या इंदूबाईंचं म्हणणं, मांडीवर अशी बोटं वाजवत बसलं की घरात दारिद्र्य येतं. मी जेवताना ताटाच्या कडेवर, वर्गात टेबलावर, न्हाव्याकडे खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत असे, त्यामुळे येऊ घातलेलं दारिद्र्य बरंच मोठं असणार होतं. आप्पासाहेब कर्णिकांनी आपल्या अनुभवाच्या जोरावर सांगितलं की पाश्चात्त्य संगीतात ताल नसतो, त्यामुळे चुकलं तरी कळत नाही. हा एकच सल्ला मला उपयोगी वाटला होता, आणि तोच चुकीचा निघाला.

घरी सरावाला पियानो नव्हता. मी जेवणाच्या पाटावर खडूनं पट्ट्या आखल्या. कुमुद संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून कागदावरचे आकडे मोठ्यानं म्हणे आणि मी त्या त्या पट्टीवर बोट ठेवी. ती आधी कंटाळून म्हणायची. नंतर तिला चाल लागली. भाजी चिरतानासुद्धा "छप्पन, पंचावन्न" असं पुटपुटताना मी तिला ऐकलं. खिडकी रस्त्यावर होती याचा विचार आम्हा दोघांनाही सुचला नाही.

आणि मग भागूबाई आली.

साडेनऊच्या खालापूर गाडीनं मी शाळेला जाई. भागूबाई त्याच गाडीनं सुक्या मासळीची पाटी घेऊन खालापूरच्या बाजाराला जाई. वयानं माझ्याहून मोठी, आवाजानं आणखी मोठी. त्या दिवशी ती माझ्या शेजारी बसली होती आणि मी कागद हातात धरून पाठ करत होतो.

"काय वाचताव, सर?"

"पाठ करतोय."

तिनं कागदात डोकावलं. अक्षर येत नव्हतं तरी तिला आकडे येत होते. "निस्तं आकडं हायत."

"हो."

"यातला चांगला कंचा?"

आजवर मला कुणी एवढा मर्माचा प्रश्न विचारला नव्हता. मी डोळे मिटून विचार केला. "छप्पन," मी म्हणालो. "कुठूनही निघालं तरी शेवटी सगळं छप्पनवर येऊन थांबतं."

भागूबाईनं मान डोलावली आणि पदराच्या टोकाला एक गाठ मारली.

त्या काळी मटक्याचं वेड आमच्याकडे घराघरांत शिरलं होतं. रोज मुंबईहून दोन अंकी जोडी फुटायची आणि लोक सकाळपासून स्वप्नं, सावल्या, गाड्यांचे नंबर यांतून ती आधीच ओळखायच्या खटपटीत असायचे. मला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पुढं काय झालं ते सगळं मला मागाहून कळलं. भागूबाईनं खालापूरच्या बाजारात उतरल्या उतरल्या छप्पनची जोडी लावली. आणि त्या रात्री छप्पन फुटली.

दुसऱ्या दिवशी गाडीत तिनं वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. आत सुके बोंबील होते, चांगले हातभर लांबीचे. "वयनीला द्या," एवढंच ती म्हणाली. आता कायस्थ माणसाला कुणी आपण होऊन बोंबील दिले तर तो कारण विचारत बसत नाही. मी विचारलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

त्या आठवड्यापासून माझ्या आयुष्यात एक सुखद बदल झाला. गाडीत कंडक्टर माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवू लागला. स्टँडवरचा हॉटेलवाला चहाचे पैसे घेईना. सकाळी वाचनालयात सराव करताना खिडकीबाहेर दहा-बारा माणसं उभी राहू लागली, तीही चिडीचूप. एक म्हातारा तर डोळे मिटून पट्ट्यांवरच्या माझ्या बोटांकडे कान लावून असे. मी घरी येऊन कुमुदला म्हणालो, "आपलं कर्जत रसिक आहे. मला उगीच वाटायचं की इथं फक्त भाताचा भाव कळतो."

"हो का?" ती म्हणाली. "मग इंदूबाई सकाळी मला का विचारत होत्या, की आज सर डाव्या हातानं वाजवणार की उजव्या?"

"रस घेताहेत."

लोक खरोखरच रस घेत होते. स्टँडवर मला कुणी हळूच विचारी, "सर, आज काय?" मी सांगे, "आज डावा हात. बत्तीसपर्यंत आलोय." विचारणारा हात जोडी. गावात त्याचं शास्त्र तयार झालं होतं. निळा आकडा म्हणजे ओपन, जोडीतला पहिला, लाल म्हणजे क्लोज, दुसरा. सर मध्येच थांबून डोकं खाजवतात तो आकडा सोडायचा. सर एकच आकडा पुन्हा पुन्हा बडवतात तो खात्रीचा. खरं म्हणजे मी जो आकडा पुन्हा पुन्हा बडवी तो मला जमत नसे.

छप्पननंतर एकही आकडा लागला नाही. बत्तीस गेला, सदतीस गेला, एकसष्ट दोनदा गेला. चहाचे पैसे हॉटेलवाला पुन्हा घेऊ लागला. खिडकीची जागा गेली. कोंडाजी किल्ली देताना माझ्याकडे बघेनासा झाला. मला वाटलं, माझी प्रगती खुंटली आहे आणि हे लोकांच्या कानाला कळतंय. मी लाजून घरचा पाटावरचा सराव पाऊण तासानं वाढवला.

याच सुमारास वाचनालयाकडून पत्र आलं, की टेबलास डिंक लावल्याचं निदर्शनास आलं असून चिकटवलेल्या सर्व चिठ्ठ्या तात्काळ काढाव्यात. मी त्या ओल्या फडक्यानं काढल्या. तोवर बोटांना जागा कळल्या होत्या, तरी उघड्या पट्ट्या पाहून अंगावरचा सदरा काढल्यासारखं वाटलं.

त्या रविवारी दुपारी आमच्याकडे हवालदार वाल्मिक आले. ते दारात किती वेळ उभे होते कोण जाणे. कुमुद स्वयंपाकघरातून मोठ्यानं आकडे म्हणत होती, मी पाटावर बोटं चालवत होतो, आणि हवालदार वहीत लिहून घेत होते. तिला त्यांची चाहूल लागली तशी ती थांबली.

"थांबू नका, वहिनी," हवालदार अदबीनं म्हणाले. "चालू द्या. माझे तीन आकडे लिहायचे राहिले."

मग ते पाटासमोर खाली बसले आणि त्यांनी खिशातून एक निनावी अर्ज काढून वाचला. 'सदर शिक्षक भूमितीच्या नावाखाली आकडे देत असून, त्यांची पत्नी सायंकाळी खिडकीतून आकडे पुकारते. वाचनालयात टेबल वाजवून खुणा केल्या जातात. गरीब लोक बुडाले. सबब चौकशी व्हावी.' त्याची एक प्रत आमच्या शाळेचे अध्यक्ष बापूसाहेब यांनाही गेली होती.

वीस वर्षं मी मुलांना सांगत आलो होतो, की सिद्ध केल्याशिवाय काही मानू नका. आणि आता माझं गाव काहीही सिद्ध न करता मला आकडेवाला मानून बसलं होतं. कुमुदला आधी हसू आलं, मग तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग मला दिसलं की ती हसत नव्हती.

"हे गाणं आहे हो," ती हवालदारांना म्हणाली. "पियानोचं."

हवालदारांनी अकराही कागद उलटसुलट पाहिले. "वहिनी, गाण्यात शब्द असतात," ते म्हणाले, आणि कागद पंचनामा करून घेऊन गेले. दोन महिन्यांचं काम त्यांच्या बगलेत बाहेर पडताना मी पाहिलं. त्या क्षणी नोकरीपेक्षा मला तेच जास्त लागलं, हे कबूल करतो. नोकरीचं दुसऱ्या दिवशी लागलं. बापूसाहेबांनी बोलावून सांगितलं, "चौकशी होईपर्यंत वर्गावर जाऊ नका. पोरांचे बाप विचारताहेत, भूमितीच्या पेपरात आकडे कुठले टाकणार."

घरी बसून मी तीन दिवस विचार केला. मग हवालदारांकडे जाऊन म्हणालो, की तुमच्याकडे कागद आहेत. मी पियानोवर बसतो. तुम्ही कागद वाचत चला. माझं बोट त्याच आकड्याच्या पट्टीवर पडलं आणि त्यातून गाणं निघालं, तर मानाल?

हवालदार वाल्मिक सरळ माणूस होता. "मानीन," ते म्हणाले. "पण पट्टीवर नंबर पाहिजे. नंबराशिवाय मी काय ताडून बघू?"

मंगळवार वाचनालयाच्या सुटीचा. त्या सकाळी बापूसाहेब, आप्पासाहेब, हवालदार आणि पंच म्हणून दोन गावकरी दालनात जमले. पंचांपैकी एक भागूबाई होती. हवालदारांना ती स्टँडवरच सापडली होती. कुमुद बालविभागाच्या बाकावर कोपऱ्यात बसली. खिडक्यांबाहेर अर्धं कर्जत होतं. कोंडाजीनं पहाटेच येऊन पट्ट्यांवर नवीन आकडे चिकटवून ठेवले होते. मी त्याला सांगितलं नव्हतं. "म्या बी लावला व्हता, सर," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "बत्तीस. तुमचा त्यात काय दोष." मला भरून आलं. मी आकड्यांकडे पाहिलंच नाही. बसलो आणि वाजवायला सुरुवात केली.

"थांबा," हवालदार म्हणाले. "कागदावर छप्पन आहे. पट्टीवर तीस."

मी पाहिलं. खरंच तीस. पुढची दाबली. "कागदावर पंचावन्न," हवालदार म्हणाले. "पट्टीवर एकतीस." तिसऱ्यांदा पुन्हा तीस. बापूसाहेबांनी घसा साफ केला. आप्पासाहेब म्हणाले की टेबल सदोष आहे हे त्यांनी नोंदवलेलंच होतं. बाहेर कुणीतरी "तीस, तीस" असं पुटपुटत निघालं, ते मला ऐकू आलं.

तेव्हा कुठं माझ्यातला भूमितीचा मास्तर जागा झाला. मी उठलो, 'आजचा सुविचार' लिहिलेला फळा पुसला आणि खडू घेतला. छप्पन आणि तीस, शहाऐंशी. पंचावन्न आणि एकतीस, शहाऐंशी. "हवालदार, कुठलीही पट्टी सांगा. माझा आकडा आणि हा आकडा मिळून शहाऐंशीच होणार. पट्ट्या पंच्याऐंशी आहेत. कुणीतरी उलट्या टोकाकडून मोजलं आहे."

हवालदार फळ्याकडे बघत राहिले. बापूसाहेबांचा चेहरा भूमितीच्या तासाला बसवलेल्या माणसासारखा झाला.

"मंजे मासली शेपटाकडनं मोजली," भागूबाई म्हणाली. "कोंडाजी, तूच रं?"

कोंडाजीनं मान खाली घातली. "देवाचं काम उजवीकडनं चालू करत्यात," तो म्हणाला.

चिठ्ठ्या सोडवून पुन्हा लावायला तास लागला. ते काम आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. बापूसाहेबांनी काळ्या पट्ट्या घेतल्या. आप्पासाहेबांनी डिंकाबद्दलचा आपला आक्षेप नोंदवून मग चिठ्ठ्या ओल्या करून दिल्या.

पुन्हा सुरुवात केली. हवालदार माझ्या उजव्या खांद्याशी चष्मा लावून उभे. मी एक पट्टी दाबायची, त्यांनी कागद बघायचा, "हां" म्हणायचं, पेन्सिलीनं खूण करायची, मग मी पुढची दाबायची. छप्पन, हां. पंचावन्न, हां. त्या जर्मन माणसानं एवढ्या सावकाश ही गत कधी ऐकली नसेल. पहिलं पान असंच झालं. मला वाटलं, सिद्ध होईल, पण गाणं काही होणार नाही.

दुसऱ्या पानावर दोन्ही हात एकमेकांत गुंततात. तिथं थांबत वाजवता येईना. बोटं थांबायलाच तयार नव्हती, रोज सकाळी त्यांनी जे घोकलं होतं ते ती आपली आपण चालू लागली. मी हवालदारांच्या 'हां'ची वाट पाहिली नाही. चार ओळींनंतर माझ्या लक्षात आलं, की 'हां' येणंही बंद झालं आहे. मी मान वळवली नाही, पण पेन्सिल पियानोवर ठेवल्याचा आवाज ऐकला. ती घुटमळणारी बाई दारातून आत आली होती. एकदा चुकून माझं बोट शेजारच्या पट्टीवर गेलं आणि मी ते सावरलं. मला कोपऱ्यात कुमुद दिसत होती. तिचे ओठ हलत होते. पुढचे आकडे ती माझ्याआधी म्हणत होती.

शेवटचा सूर संपला तरी कुणी बोललं नाही. बाहेरही शांतता होती. पाटीचं काम त्या वाचनालयात पहिल्यांदाच नीट झालं असावं.

हवालदारांनी चष्मा पुसला, राहिलेल्या सगळ्या आकड्यांवर एकदम एक लांब खूण ओढली आणि पंचनामा लिहायला बसले. लिहून झाल्यावर त्यांनी तो मोठ्यानं वाचला. 'पंचांसमक्ष पाहणी केली असता सदरचे आकडे लावण्याचे नसून वाजण्याचे आहेत असे दिसून आले. वाजले असता बरे वाटते. सबब तक्रारीत तथ्य नाही.' बापूसाहेबांनी सही केली आणि उद्यापासून वर्गावर या म्हणाले. आप्पासाहेबांनी सही केली. दुसऱ्या पंचानं केली. भागूबाईनं अंगठा उठवला, शाई लुगड्याला पुसली आणि माझ्याकडे वळली.

"सर, ह्या हवालदाराच्या हां-हां मधी मला काय कलला नाय," ती म्हणाली. "परत वाजवा. निस्ता."

मी हवालदारांकडे पाहिलं. त्यांनी वही मिटून एक खुर्ची ओढून घेतली. कोंडाजीनं खिडक्यांची दारं पूर्ण उघडली. मी पुन्हा पहिल्यापासून वाजवलं, मध्ये न थांबता, त्या बाईंनी वाजवलं होतं त्या वेगानं, किंवा मला आठवत होता त्या वेगानं. त्या खेपेला माझ्या चांगल्या नऊ चुका झाल्या. पण सह्या होऊन गेल्या होत्या.